घरी बनवलेल्या डीव्हीडीत आवाज तुटतोय? नवी डिस्क बर्न करण्याआधी हे टप्पे पार पाडा

डिस्कवर चित्र छान दिसतं, पण बोलणं मध्येच तुटतं, गाणं अडखळतं, कुठेतरी 'टक्' असा आवाज येतो. अशा वेळी बहुतेक जण तीच फाइल दुसऱ्या डिस्कवर बर्न करतात. तरीही तुटलं की सॉफ्टवेअर बदलतात, मग प्लेअरला दोष देतात. पाच-सहा डिस्क वाया जातात आणि दोष जिथे होता तिथेच राहतो.

कॅसेट किंवा कॅमेऱ्यातून निघालेला आवाज डिस्कवर पोचेपर्यंत कॅप्चर, एडिटिंग, एन्कोडिंग, ऑथरिंग आणि बर्निंग एवढ्या टप्प्यांतून जातो. कॅप्चर म्हणजे चित्र-आवाज कॉम्प्युटरवर घेणं, एन्कोडिंग म्हणजे ते दाबून डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये आणणं, ऑथरिंग म्हणजे त्यांची मेनूसह डिस्कसाठी मांडणी करणं आणि बर्निंग म्हणजे ती डिस्कवर लिहिणं. शेवटी प्लेअरला तो वाचावा लागतो. यांपैकी कुठेही आवाज तुटू शकतो आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी जागा शोधायची, मग दुरुस्ती. खालचा क्रम सोप्या तपासणीपासून कष्टाच्या तपासणीकडे जातो. खाली सांगितलं नसताना मधला टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्याचं उत्तर फसवं निघेल.

## तयारी

या गोष्टी हाताशी ठेवा:

- हेडफोन. टीव्हीच्या स्पीकरवर बारीक तूट ऐकू येत नाही.
- मूळ फाइल, एडिटिंगनंतरची फाइल आणि ऑथरिंगनंतर तयार झालेला 'व्हिडिओ टीएस' फोल्डर, तिन्ही हार्ड डिस्कवर. फोल्डर पुसून टाकला असेल तर पुन्हा बनवा. त्याच्याशिवाय दुसरा टप्पा होणार नाही.
- एक रीरायटेबल डिस्क, चाचणीसाठी.
- शक्य असेल तर दुसरा प्लेअर.
- व्हिडिओ वाजवायला व्हीएलसी, फाइलची माहिती बघायला मीडियाइन्फो आणि आवाजाची लहर तपासायला ऑडॅसिटी. तिन्ही मोफत मिळतात.
- कागद-पेन. यात आळस करू नका, पुढचं बरंचसं निदान या कागदावरूनच होणार आहे.

## टप्पा १: नेमकं काय ऐकू येतंय ते लिहा

'आवाज खराब आहे' एवढ्यावर काही ठरवता येत नाही. डिस्क सुरुवातीपासून ऐका आणि जिथे बिघडतं तिथली वेळ मिनिट-सेकंदासह लिहा. मग पुन्हा पहिल्यापासून लावून त्याच जागा तपासा.

दोन्ही वेळा त्याच जागी तुटतं आणि चित्र मात्र स्वच्छ आहे: तूट बहुधा फाइलमध्येच आहे.

दर वेळी वेगळ्या जागी तुटतं: डिस्क वाचताना प्लेअरची दमछाक होते आहे.

आवाजासोबत चित्रातही चौकोन उमटतात किंवा चित्र थबकतं: डिस्क नीट वाचली जात नाही, नाहीतर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, जास्त आहे.

फक्त शेवटच्या भागात तुटतं: बर्निंगवर संशय घ्या. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे चित्रफितीचा शेवट बाहेरच्या कडेजवळ येतो आणि लिहिण्या-वाचण्याच्या सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

क्लिप बदलताना क्षणभर शांतता होते: प्रत्येक क्लिप वेगळं 'टायटल', म्हणजे डिस्कवरचा स्वतंत्र व्हिडिओ, म्हणून टाकली असेल तर हे होणारच, कारण एका टायटलवरून दुसऱ्यावर उडी मारताना प्लेअर क्षणभर थांबतो. सगळ्या क्लिप एकाच टायटलमध्ये घेऊन त्यांना चॅप्टर करा, बाकी काही लागत नाही. ड्युअल लेअर, म्हणजे दोन थरांच्या, डिस्कवर थर बदलताना एकदाच येणारा छोटा थांबाही दोष नव्हे.

सावधान: आवाज फाटणं आणि ओठांच्या मागे-पुढे होणं हे दोन वेगळे आजार आहेत. लेव्हल वर चढवून ठेवली की आवाज फाटतो, तो या लेखातल्या उपायांनी सुधारणार नाही. मागे-पुढे होण्याचं सहाव्या आणि सातव्या टप्प्यात येईल.

## टप्पा २: दोष डिस्कवर आहे की फाइलमध्ये?

हार्ड डिस्कवरचा 'व्हिडिओ टीएस' फोल्डर व्हीएलसीत उघडा आणि कागदावर लिहिलेल्या वेळांवर जाऊन हेडफोनवर ऐका. दोनपैकी एक उत्तर मिळेल.

इथेही तुटतं: बर्निंग आणि प्लेअर निर्दोष आहेत. थेट पाचव्या टप्प्यावर जा.

इथे स्वच्छ आहे: मग आणखी एक चाचणी करा. बर्न केलेल्या डिस्कवरचा फोल्डर कॉम्प्युटरवर परत कॉपी करून पाहा. कॉपी अडली, फार रेंगाळली किंवा एररवर थांबली तर लिखाणच बिघडलं आहे, टप्पा ३ बघा. कॉपी सुरळीत झाली आणि तीही स्वच्छ वाजली, तर डिस्कवरचा डेटा बरोबर आहे, प्लेअरला तो झेपत नाही. तेव्हा टप्पा ४ आधी करा, मग ३.

'कॉम्प्युटरवर चांगलं वाजतं, म्हणजे फाइल बरोबर' असं समजणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. कॉम्प्युटर वाटेल तो बिटरेट आणि वाटेल तो सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, वाजवतो. टीव्हीखालचा प्लेअर डीव्हीडीच्या ठरलेल्या मर्यादांमध्येच चालतो.

## टप्पा ३: डिस्क आणि बर्निंग

आधी डिस्क पुसा. मऊ, कोरड्या कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल-गोल पुसू नका. त्यातून उठणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि डेटाचा सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा प्लेअर बहुतेकदा सावरून घेतो.

कागदी गोल लेबल चिकटवलं असेल तर दोषाचं मूळ तेच असू शकतं. लेबल थोडंसं जरी एका बाजूला गेलं तरी वेगाने फिरणारी डिस्क डगमगते. काढायचा प्रयत्न करू नका, वरचा थर सोबत निघेल. नव्या डिस्कवर लेबलाऐवजी डिस्कसाठीच्या मार्करने लिहा.

बर्निंग करताना हा क्रम ठेवा:

१. ऑथरिंग सॉफ्टवेअरमधून थेट डिस्कवर लिहू नका. आधी हार्ड डिस्कवर इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, बनवा, मग इमगबर्नसारख्या प्रोग्रॅमने ती बर्न करा.

२. १६एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणाऱ्या, डिस्कला ८एक्सच्या आसपासचा वेग द्या. 'जितकं सावकाश तितकं उत्तम' हा समज सरसकट खरा नाही. जास्त वेगासाठी बनलेल्या डिस्कवर काही ड्राइव्ह सर्वांत कमी वेगाला उलट वाईट लिहितात. शंका असेल तर दोन वेगांवर एकेक डिस्क करून बघा.

३. डिस्क काठोकाठ भरू नका. एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ अब्ज बाइट असते आणि कॉम्प्युटरवर ती ४.३७ जीबी दिसते. सव्वाचार जीबीवर थांबलात तर सर्वांत बाहेरची कडा वापरावीच लागत नाही.

४. बर्न झाल्यावर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं मूळाशी ताडून बघणं, आणि 'फायनलाइझ', म्हणजे डिस्क इतर प्लेअरना वाचता येईल अशी पूर्ण करणं, दोन्ही होऊ द्या. व्हेरिफाय अर्ध्यावर बंद केलेली डिस्क कुणाला देऊ नका.

आता प्लेअर. बाजारात विकत मिळणारी डिस्क नीट चालते म्हणून लेन्स स्वच्छ आहे असं धरू नका. ती डिस्क साच्यात दाबून बनवलेली असते आणि घरच्या डिस्कपेक्षा जास्त प्रकाश परत पाठवते. लेन्स थोडी मळली किंवा थकली असली तरी ती वाचली जाते, घरची मात्र अडखळते. रीरायटेबल डिस्कचं परावर्तन त्याहूनही कमी. म्हणून जुन्या प्लेअरमध्ये फक्त रीरायटेबलवरच आवाज तुटत असेल तर फाइलच्या मागे लागू नका. तीच इमेज एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर घ्या.

तपासणी: प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर, म्हणजे दाबलेला आवाज तसाच बाहेर पाठवण्यावर, असेल तर ते 'पीसीएम', म्हणजे प्लेअरनेच उलगडलेला आवाज, करून बघा. काही टीव्ही आणि साउंडबार बिटस्ट्रीम नीट उलगडू शकत नाहीत. आवाज लागलीच सुधारला तर डिस्कला हात लावायची गरज नाही.

## टप्पा ४: बिटरेटचा हिशेब

चित्र-आवाज मिळून डीव्हीडीवरचा एकूण प्रवाह सेकंदाला १०.०८ मेगाबिटच्या वर जाता कामा नये आणि त्यातही एकट्या चित्राला ९.८ ची सीमा आहे. आता आवाजाकडे बघा. कॉम्प्रेस न केलेला पीसीएम स्टिरिओ आवाज ४८,००० सॅम्पल, १६ बिट, दोन चॅनेल असा असतो. गुणाकार केला की सेकंदाला १.५३६ मेगाबिट. चित्र ९ वर ठेवलं आणि आवाज पीसीएम राहिला की बेरीज साडेदहाच्या वर गेली. डॉल्बी डिजिटलचा, म्हणजे एसी-३चा, स्टिरिओ आवाज ०.१९२ ते ०.२५६ मेगाबिटमध्ये भागतो. चित्रासाठी सव्वा मेगाबिटहून जास्त जागा मोकळी होते.

हा दोष जास्त करून छोट्या व्हिडिओत येतो. दोन तासांचा व्हिडिओ डिस्कवर बसवायचा म्हटलं की सॉफ्टवेअर आपोआप बिटरेट खाली आणतं. चाळीस मिनिटांचाच असेल तर जागा भरपूर आहे म्हणून 'बेस्ट क्वालिटी'चं बटण सगळं टोकाला नेऊन ठेवतं. अशा डिस्कवर संथ दृश्यं ठीक चालतात आणि नाच, धो-धो पाऊस किंवा हलत्या कॅमेऱ्यातली गर्दी आली की आवाज तुटतो, कारण बारीकसारीक हालचालीला सर्वांत जास्त बिट लागतात. तुमच्या कागदावरच्या वेळा अशाच दृश्यांवर पडत असतील तर निदान जवळजवळ झालंच.

हिशेब असा करा. ४.७ अब्ज बाइटला ८ ने गुणा आणि एकूण सेकंदांनी भागा. ९० मिनिटांना साधारण ६.९६ मेगाबिट येतात. त्यातले पाच टक्के मेनू आणि बांधणीसाठी सोडले की ६.६ उरतात. आवाजाचे ०.२ वजा केले की चित्राला सरासरी ६.४. दोन तासांसाठी याच रीतीने सुमारे ४.७ ते ४.८ मिळतात. सव्वाचार जीबीवरच थांबायचं असेल तर आणखी थोडं उतरा.

घरच्या डिस्कसाठी मी चित्राचा कमाल बिटरेट ८ मेगाबिटच्या वर कधीच नेऊ देत नाही, व्हिडिओ कितीही छोटा असो. ९.८ ही नियमातली मर्यादा आहे. घरी बर्न केलेली डिस्क वाचताना प्लेअरला एखादा भाग पुन्हा वाचावा लागतो, आणि तेवढी सवड हातात राहिली तरच आवाज सलग येतो. ८ आणि ९.५ यांतला फरक डोळ्याला सहसा कळत नाही.

व्हेरिएबल, म्हणजे दृश्यानुसार बदलणारा, बिटरेट निवडा, सरासरी हिशेबाप्रमाणे, कमाल ८. बफरचा आकडा विचारला तर १८३५ किलोबिट.

सावधान: सरासरी कमी करून कमाल तशीच ठेवली तर काही उपयोग नाही. आवाज तुटतो तो कमाल गाठलेल्या क्षणी.

## टप्पा ५: आवाजाचा प्रकार आणि सॅम्पल रेट

तयार फाइल मीडियाइन्फोत उघडा आणि ऑडिओच्या भागातल्या दोन ओळी वाचा, फॉरमॅट आणि सॅम्पलिंग रेट.

डीव्हीडीवर सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ हवा. संगीताच्या सीडीचा ४४.१ असतो, व्हीसीडी आणि एसव्हीसीडीचाही ४४.१. जुनी व्हीसीडी डीव्हीडीवर घेताना नेमकी इथे गफलत होते. व्हीसीडीचं छोट्या आकाराचं चित्र डीव्हीडीच्या नियमात बसतं, म्हणून सॉफ्टवेअर फाइल घेतं. आवाज बसत नाही, त्याची एक सूचना येते आणि 'ओके' दाबून ती बाजूला सारली जाते. मग काही प्लेअर मुके राहतात, काही अडखळतात. ४४.१ चा आवाज न बदलता ४८ म्हणून वाजला तर तो जवळपास नऊ टक्के घाईने धावतो आणि बोलणाऱ्याचा गळा चढलेला वाटतो.

फॉरमॅट एसी-३ ठेवा, स्टिरिओसाठी १९२ किलोबिट, संगीत जास्त असेल तर २५६. एमपी-२ आवाज पाल, म्हणजे भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या, प्लेअरना वाजवता आलाच पाहिजे, एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या पद्धतीच्या, प्लेअरवर तसं बंधन नाही. डिस्क कुठल्या प्लेअरमध्ये जाईल हे माहीत नसेल तर एसी-३च बरं. एमपी-३ आणि एएसी डीव्हीडीच्या नियमात नाहीत. ते टाइमलाइनवर चालतील, डिस्कवर नाही.

एव्हीआय फाइलमध्ये व्हेरिएबल बिटरेटचा एमपी-३ आवाज असेल तर ती फाइल थेट एन्कोड करू नका. अशा फाइलमध्ये आवाजाच्या वेळेचा अंदाज चुकतो आणि एन्कोडर मध्येच तुकडे गाळतो. आधी आवाज वेगळा काढून त्याची वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची, फाइल करा. मागे वाजणारं गाणंसुद्धा टाइमलाइनवर टाकण्याआधीच ४८ वर आणून ठेवा.

तपासणी: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६९० एमबी होते. तासाभराची फाइल ६३५ एमबीच्या आसपास भरली तर ती ४४.१ ची आहे.

## टप्पा ६: जोड आणि फ्रेम रेट

तूट प्रत्येक वेळी दोन क्लिपच्या सांध्यावर येत असेल तर त्या क्लिपचे गुण जुळत नाहीत. एक मोनो आणि दुसरी स्टिरिओ, एक ३२ किलोहर्ट्झ आणि दुसरी ४८. पूर्ण प्रोजेक्टचा आवाज एकच सलग वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा आणि प्रत्येक सांध्यावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एका क्लिपचा आवाज उतरताना दुसरीचा चढेल. 'टक्' जातं.

मोबाइलवर घेतलेल्या चित्रणाचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बऱ्याचदा स्थिर नसतो, प्रकाश कमी झाला की तो उतरतो. अशा फाइलवर डीव्हीडीचा एन्कोडर आवाज ओढून-ताणून बसवतो, त्यात तो तुटतो किंवा हळूहळू ओठांपासून दूर जातो. एडिटिंगच्या आधीच फाइल स्थिर फ्रेम रेटवर आणा, पालसाठी २५, एनटीएससीसाठी २९.९७. कॉन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' हा पर्याय निवडावा लागतो, तो दर वेळी आपोआप निवडलेला नसतो.

आवाज ताणून लांबी जुळवण्याचा उपाय टाळा. शेवट जुळतो, मधला भाग सुटलेलाच राहतो.

## टप्पा ७: कॅप्चर

मूळ फाइलमध्येच तूट ऐकू आली तर पुढचं कुठलंही सेटिंग ती भरून काढणार नाही. आवाज ऑडॅसिटीत उघडा आणि तुटलेल्या जागी एवढं मोठं करा की काही मिलिसेकंदच पडद्यावर दिसतील. लहर अचानक संपून रेघ सपाट झाली आणि पुन्हा पूर्ण उंचीवर सुरू झाली, तर कॅप्चरच्या वेळी कॉम्प्युटर कमी पडला. सपाट रेघ न दिसता लहर एका उंचीवरून दुसरीवर उभी उडी घेते, तेव्हा मधला तुकडा गळून दोन टोकं चिकटलेली असतात. लहर अखंड आहे पण तिच्यावर केसाळ घरघर चढली आहे, असं दिसलं तर दोष कॅसेटकडचा.

कॉम्प्युटर कमी पडत असेल तर कॅप्चरचं यंत्र हबऐवजी थेट यूएसबी पोर्टला लावा, पॉवर सेव्हिंग बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा आणि आतल्या, पुरेशी जागा असलेल्या हार्ड डिस्कवर लिहा. डीव्ही, म्हणजे डिजिटल कॅसेटवरच्या, चित्रणाला तासाला साधारण १३ जीबी लागतात. ड्रॉप झालेल्या, म्हणजे कॅप्चरमध्ये गळालेल्या, फ्रेमचा आकडा शून्य हवा.

चित्र यूएसबी यंत्रातून आणि आवाज कॉम्प्युटरच्या माइकच्या खाचेतून, असं कधी करू नका. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालतात, तासाभरात आवाज सरकतो आणि तो जुळवताना सॉफ्टवेअर मधलं काही गाळतं. दोन्ही एकाच यंत्रातून घ्या.

व्हीएचएसवर घरघर आणि तुटणं एकत्र येत असेल तर व्हीसीआरचा हाय-फाय आवाज बंद करून साधा मोनो ट्रॅक निवडा. हाय-फाय ट्रॅक घासलेला असला की व्हीसीआर दोन ट्रॅकमध्ये सतत उड्या मारतो. मोनोचा आवाज जरा बोथट असतो, पण सलग असतो. बोलणं जपायचं असेल तर मी तोच घेईन.

डीव्ही कॅमेऱ्यात आवाज १२ बिट ३२ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ४८ किलोहर्ट्झ अशा दोन पद्धतींनी भरता येतो. एकाच कॅसेटवर कधी ही, कधी ती वापरली असेल तर बदलाच्या जागेपासून आवाज चिरका किंवा तुटक येतो. तिथे कॅप्चर थांबवा आणि पुढचा भाग नव्या फाइलमध्ये घ्या.

## टप्पा ८: दुरुस्तीनंतरची बांधणी

दोष सापडला, दुरुस्त केला. आता पुन्हा बनवताना हा क्रम मोडू नका:

१. पूर्ण आवाज एकाच वेव्ह फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. हेडफोनवर पूर्ण ऐका.

२. वेव्ह आणि व्हिडिओची लांबी ताडून बघा. एका फ्रेमपेक्षा जास्त फरक असेल तर सहाव्या टप्प्यावर परत.

३. वेव्हचा एसी-३ करा, चित्राचा एमपीईजी-२, म्हणजे डीव्हीडीचा चित्राचा फॉरमॅट, वेगळा करा.

४. दोन्ही ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये एका टायटलखाली जोडा. सॉफ्टवेअर 'पुन्हा एन्कोड करू का?' विचारेल किंवा न विचारता करू लागेल. नियमात बसलेली फाइल पुन्हा एन्कोड होऊ देऊ नका. तसा पर्याय सापडत नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर घ्या, कारण या एका सवयीने आधीची सगळी मेहनत पुसली जाते.

५. तयार फोल्डर व्हीएलसीत लावा आणि कागदावरच्या प्रत्येक वेळेवर जाऊन ऐका.

६. रीरायटेबलवर बर्न करा आणि टीव्हीच्या प्लेअरवर सुरुवात, मध्य, शेवट आणि सर्वांत धावपळीचं दृश्य बघा.

७. इथवर स्वच्छ वाजलं की इमेज बनवा, तिच्यावरूनच अखेरची डिस्क बर्न करा आणि व्हेरिफाय होऊ द्या.

सावधान: एका वेळी एकच गोष्ट बदला. बिटरेट, आवाजाचा फॉरमॅट आणि डिस्कचा ब्रँड एकदम बदलून आवाज सुधारला, तर कशाने सुधारला ते कळणार नाही आणि पुढच्या व्हिडिओला पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध करावी लागेल.

वेव्ह फाइल आणि इमेज पुसू नका. इमेजशेजारी एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये चित्राची सरासरी आणि कमाल, आवाजाचा बिटरेट, डिस्कचा ब्रँड आणि बर्निंगचा वेग लिहून ठेवा. वर्षभराने कुणी आणखी एक प्रत मागितली की याच आकड्यांवर ती निघेल.